पश्चिमेची खिडकी

शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, एका विहारात राहत असताना तिथल्या दोन भिक्षुणींचे बिनसले. थोरली विजयिका फक्त भात आणि भाजीपाला घेई. धाकटी पद्मा भिक्षापात्रात पडेल ते खाई, आणि त्यात कधी मासळीचा तुकडाही असे. दोघी एकाच कुटीत राहत, पण विजयिकेने मध्ये चटई उभी केली होती आणि पात्रे धुण्याची जागाही वेगळी करून घेतली होती. पुढे पद्मा आजारी पडली. एका उपासिकेने तिच्यासाठी माशाचे कढण पाठवले, पण ते तिला पाजायचे कोणी, असा प्रश्न पडला. विजयिका दारात उभी राहिली. तिला आत जाववेना आणि निघूनही जाववेना. हे शास्त्यांच्या कानावर गेले. ते कुटीपाशी आले, बाहेरच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "विजयिके, अशी दारात तू पहिल्यांदाच उभी राहिलेली नाहीस." मग त्यांनी मागच्या एका जन्माची हकिकत सांगितली.

पूर्वी पश्चिम किनाऱ्यावरच्या अपरान्तात, खाडीच्या मुखाशी वसलेल्या एका नगरात एक राजा राज्य करीत होता. त्याचे नाव या कथेला लागत नाही. त्या काळी बुद्धत्वाकडे वाटचाल करणाऱ्या बोधिसत्त्वांनी तिथे व्यापाऱ्याच्या कुळात जन्म घेतला होता. लोक त्यांना सोमिल श्रेष्ठी म्हणत. मीठ आणि मिरे यांचा त्यांचा व्यापार होता, बोलणे कमी होते, आणि व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा पुढचा प्रमुख कोण, असे विचारले तर सगळा बाजार त्यांच्याच घराकडे बोट दाखवी.

त्या नगरात निम्मी घरे मासळी खाणारी होती आणि निम्मी न खाणारी, आणि दोन्हीकडच्यांना आपापल्या ताटाचा अभिमान जरा जास्तच होता. सोमिलांच्या घरी मासळी शिजत नसे. ते स्वतः जीव मारून आलेले अन्न घेत नसत, पण दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांची पत्नी नागसिरी मात्र या बाबतीत फार कडक होती. दुपारी समुद्राचा वारा सुटला की खाडीकाठी वाळत घातलेल्या मासळीचा वास नगरात शिरे. तो यायच्या आत नागसिरी पश्चिमेची खिडकी लावून घेई आणि दोनदा ओढून बघे. थोरला मुलगा मित्रक ज्या वर्षी होडीसकट खाडीत गेला, त्या वर्षापासून हे चालू होते. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. त्याचे नावही कोणी घेत नसे.

धाकट्या मुलाचे, पुण्यकाचे, लग्न झाले आणि उत्पला घरात आली. ती पलीकडच्या तीरावरच्या एका नाविक व्यापाऱ्याची मुलगी. निघताना तिच्या आईने तिला बजावले होते, "त्या घरी मासळी नाही. जे वाढतील ते खायचं. मागायचं नाही." उत्पलेने आईचा हात धरून तसे वचन दिले. ती शब्दाची पक्की निघाली, आणि पुढचा सगळा घोर त्या शब्दातूनच उभा राहिला.

उत्पलेला दिवस गेले. त्या नगरात अशी चाल होती, की चांगला दिवस पाहून सासूने सुनेला पाटावर बसवायचे, ओटी भरायची आणि शेजारणींच्या देखत विचारायचे, तुला काय खावेसे वाटते. सून जे म्हणेल ते घराने आणून द्यायचे. नागसिरीने सगळे हौसेने केले. तिने सुनेच्या हनुवटीला हात लावून विचारले, "सांग बाई, कसले डोहाळे लागलेत?"

उत्पलेच्या मनात एकच गोष्ट होती. तिने मान खाली घातली आणि म्हटले, "काही नको, सासूबाई. सगळं आहे इथे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणाली, "काहीच नको? अगं, असं म्हणू नये. आईला काही खावंसं वाटत नाही म्हणजे पोटातल्या जिवालाच यायची इच्छा नाही, असं मानतात आमच्यात." नागसिरीने हातातले ताट खाली ठेवले. ज्या बाईचे एक मूल गेलेले आहे तिच्यासमोर असे बोलू नये, एवढे त्या म्हातारीला कळायला हवे होते. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि त्या दिवसापासून नागसिरीच्या जिवाला चैन उरली नाही.

ती मग चुलीपासून हलेना. खीर केली, तिळाचे लाडू केले, तुपात न्हालेले मांडे केले. उत्पला सासूचा मान म्हणून खाई आणि परसात जाऊन ओकून येई. तिचे गाल बसले, डोळ्यांखाली काळे पडले, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. घरात एकच प्रश्न राहिला होता. पुण्यक बाहेरून आला की विचारी, "जेवली का?" सोमिल पेढीवरून आले की विचारत, "जेवली का?" कोणी उत्तर दिले नाही की उत्तर कळत असे.

महिने भरत आले तेव्हा सामा नावाची सुईण येऊन गेली. तिने बराच वेळ पोटावर हात ठेवला आणि ओसरीवर येऊन नागसिरीला म्हणाली, "बाई, पोर हलतंय, पण बारीक हलतंय. हिच्या अंगात रक्त म्हणून नाही. अशीच राहिली तर कळा सोसायला जीव उरायचा नाही. मग कोण हाती लागेल ते मला नाही सांगता यायचं."

"माहेरी धाडू का?"

"होडीत? या वाऱ्यात? नका धाडू. पाणी उसळलंय."

पुण्यक खांबाला टेकून हे ऐकत होता. तो तिथेच खाली बसला.

एका दुपारी सोमिल घरात आले ते पाणी प्यायला. नागसिरीची पाठ वळलेली होती. आतल्या खोलीत उत्पला पश्चिमेच्या खिडकीशी उभी होती. तिने खिडकीचे दार बोटभर उघडले होते, त्या फटीला नाक लावले होते, डोळे मिटले होते, आणि मुठीतला कोरडा भात ती थोडा थोडा तोंडात टाकत होती. ती खात होती. सोमिलांनी पाय मागे घेतला. त्यांना भीती वाटली, की आपल्या पावलांचा आवाज होईल आणि हिचा घास थांबेल.

घास थांबलाच. दुसऱ्या दाराने नागसिरी आली. तिने उघडी फट पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "ही खिडकी या घरात उघडत नाही," ती म्हणाली. उत्पलेच्या हातातला भात जमिनीवर सांडला. "चुकले, सासूबाई," एवढे बोलून ती शिते वेचायला वाकली आणि वाकताना तिला भिंत धरावी लागली.

"ती मला खिजवते आहे," नागसिरी नंतर नवऱ्याला म्हणाली. "माझ्या हातचं अन्न टाकते आणि नेमकी तीच खिडकी उघडते." ती रडत होती. ती रागाने रडते आहे असे तिला वाटत होते, पण खरे तर ते भय होते.

सोमिल संध्याकाळी सुनेपाशी जाऊन बसले. "सूनबाई, तुमच्याकडे या दिवसांत बाईला काय देतात?"

"मामंजी, मी आईला शब्द दिलाय, मागणार नाही म्हणून."

"मागू नकोस. मी विचारतोय म्हणून सांग."

उत्पलेने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "सुक्या बोंबलाचं पातळ कालवण. दोन मिरे, चार आमसुलं. आणि त्यात भाताची पेज." हे सांगतानाच तिच्या तोंडाला पाणी सुटले आणि त्याची लाज वाटून तिने तोंड झाकले.

पुण्यकाला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मग अवघड काय आहे? झाकून आणू. आई देवळात गेली की देऊ. तिला कळणारसुद्धा नाही."

"आणि उत्पला दाराकडे बघत बघत खाईल," सोमिल म्हणाले. "भ्यालेल्या माणसाच्या पोटात काय टिकतं? शिवाय तुझ्या आईला कळेल तेव्हा तिला या घरात आपलं कोणी आहे असं वाटणार नाही. मी तिला आधी सांगतो."

पण ते लगेच उठले नाहीत. बोधिसत्त्वांनाही भीती वाटते. ती वाटत नसती तर करुणेचे काम फारच सोपे झाले असते. एका बाजूला सून डोळ्यांदेखत विझत चालली होती, आणि दुसऱ्या बाजूला बायकोची जुनी जखम होती, तिला हात लावला तर काय होईल ते त्यांना ठाऊक नव्हते.

त्यांनी सांगितले तेव्हा नागसिरी तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले. "या घरात नाही. मी गेल्यावर काय करायचं ते करा."

"तू खायचं नाहीस, तू शिवायचंही नाहीस. तुझ्या चुलीला, तुझ्या भांड्यांना त्याचा स्पर्श व्हायचा नाही. अंगणाच्या कडेला मी वेगळी चूल मांडतो आणि मीच शिजवतो."

"तुम्ही? तुम्हाला कधी भात तरी उकडता आलाय?"

"सामा सांगेल तसं करीन."

"आणि श्रेणी? प्रमुखाच्या घरी मासळी शिजली असं आजवर झालेलं नाही. ते तुम्हाला निवडतील?"

"नाही निवडणार," सोमिल म्हणाले. "पण ते जाऊ दे. तुझं काय ते सांग."

नागसिरी सुपाकडे बघत बोलू लागली. किती वर्षांनी तिने ते नाव घेतले. "माझा मित्रक त्या पाण्यात गेला. मला दहनाला मूठभरसुद्धा मिळाला नाही. त्याला काय झालं, कोणी खाल्लं, हे मी रोज मनातून बाहेर काढते आणि रोज दुपारी वाऱ्याबरोबर ते परत आत येतं. आता तेच तुम्ही माझ्या अंगणात शिजवणार?"

सोमिल तिच्याशेजारी जमिनीवर बसले. त्यांचाही तो मुलगाच होता. त्यांनीही सुपातले चार खडे निवडून बाजूला टाकले. शेवटी ते म्हणाले, "आपलं ते पोर गेलं. पण हे अजून गेलेलं नाही." मग ते उठले आणि पायांत वहाणा घातल्या. नागसिरीने त्यांना हो म्हटले नाही, आणि अडवलेही नाही.

खाडीवरच्या कोळिणीने श्रेष्ठींना पाहून टोपली पुढे केली. "ताजी न्या की, शेट. अजून उडतेय बघा."

"नको. आमच्या घरासाठी आज कोणाचा जीव जायला नको. जे आधीच वाळलंय त्यातलं दे."

"वरून केळीचं पान घालू? लोक बघतील."

सोमिलांना क्षणभर मोह झाला. मग ते म्हणाले, "उघडंच असू दे. झाकून नेलं तर तिला झाकून खावं लागेल."

अशा रीतीने नगरातला सगळ्यात प्रतिष्ठित व्यापारी हातात बोंबलांची जुडी घेऊन भर बाजारातून निघाला. वाटेत श्रेणीतला काळक नावाचा वृद्ध गृहस्थ भेटला. त्याने जुडीकडे पाहिले, मग आकाशाकडे पाहिले, मग पुन्हा जुडीकडे. "श्रेष्ठी, हे कुठे चाललंय?"

"घरी. सुनेसाठी."

"उद्या निवडीची सभा आहे, विसरलात का?"

"विसरलो नाही. तुम्ही आजच सगळ्यांना सांगून टाका, म्हणजे उद्या त्यांचा वेळ जायचा नाही."

अंगणाच्या कडेला तीन दगड मांडले गेले. सामा सांगत होती आणि सोमिल करत होते. पहिल्या खेपेला त्यांनी मीठ घातले. वाळलेल्या मासळीत मीठ असतेच, हे मिठाच्या व्यापाऱ्याच्या ध्यानात आले नाही. ते खारट पाणी ओतून पुन्हा मांडावे लागले. दुसऱ्या खेपेला आमसुलाचा आंबट वास उठला, त्यामागून बोंबलाचा, आणि तो घरभर गेला. नागसिरीने आपल्या खोलीचे दार लावून घेतले. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आत उत्पला उठून बसायचा प्रयत्न करत होती. तिला तो वास आला आणि तिचे डोळे भरून आले. पुण्यकाने तिच्या पाठीशी उशी दिली, सामाने पेजेत कालवण ओतले आणि वाटी तिच्यापुढे धरली. इतक्यात दारात नागसिरी आली. ती उंबरठ्याच्या बाहेरच थांबली.

"खा," ती म्हणाली, पण तिचा आवाज फाटला होता. "खा, पण ती खिडकी मी का लावते हे तुला ठाऊक असू दे. माझा थोरला मुलगा त्या खाडीत आहे. तुझ्या माहेरच्या त्या पाण्यात. इतकी वर्षं आहे."

उत्पलेने हात मागे घेतला. तिला हे कोणी सांगितले नव्हते. सुनेला वाईट वाटू नये म्हणून घराने लपवले होते, जसे सासूला वाईट वाटू नये म्हणून तिने आपले लपवले होते. एकमेकांना जपण्याच्या नादात ते घर मरणाच्या दारात येऊन ठेपले होते. "सासूबाई, मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मला नको हे. मी नाही खाणार." आणि तिने वाटी बाजूला सारली.

"उत्पले," पुण्यक म्हणाला, "एक घोट घे."

"त्यांच्या देखत नाही. कधीच नाही." तिने तोंड भिंतीकडे केले आणि खाली सरकली. तिचे हातपाय गार पडले होते. सामाने घाईने वाटी ठेवली, पोटावर तळवा टेकला, जागा बदलली, पुन्हा टेकला. सामाने वर पाहिले आणि ती हळूच म्हणाली, "पोर हलेनासं झालंय."

वाटीतून निघणारी वाफ कमी होत चालली होती. पुण्यक बापाकडे बघत होता. सोमिलांपाशी बोलण्यासारखे पुष्कळ होते, आणि बायकोने त्यांचा शब्द कदाचित मानलाही असता. पण मग तो त्यांचा शब्द झाला असता, तिचा नव्हे. ते बोलले नाहीत.

नागसिरीने उंबरठा ओलांडला. ती पलंगाकडे गेली नाही. आधी पश्चिमेच्या खिडकीकडे गेली आणि तिने कडी काढली. लाकूड फुगले होते, दार निघेना. तिने खांदा लावून ते ढकलले आणि सगळा वारा एकदम आत आला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली, सुनेकडे पाठ करून, तोंड खाडीकडे करून. तिने एक हात मागे नेला आणि चाचपडत उत्पलेचा हात धरला.

"मी बघणार नाही," ती म्हणाली. "मला बघवत नाही. पण मी इथून हलणारही नाही. खा."

"सासूबाई..."

"त्या दिवशी काठावर उभी राहून मी त्याला हाका मारत होते. तो आला नाही. तू तरी ऐक माझं. खा, पोरी."

उत्पला ढसाढसा रडली आणि रडता रडता तिने तोंड उघडले. पुण्यकाने पहिला घोट दिला, मग दुसरा. तो पोटात राहिला. नागसिरी खिडकीबाहेर बघत होती. वाळत घातलेल्या मासळीचा वास थेट तिच्या तोंडावर येत होता आणि तिचे डोळे वाहत होते, पण तिने हात सोडला नाही. आपल्या मुठीतली ती गार बोटे हळूहळू ऊबदार होत आहेत आणि आता उलट तीच आपला हात घट्ट धरत आहेत, हे तिला कळत होते. वाटी संपत आली तेव्हा सामा म्हणाली, "हललं. चांगलं लाथ मारून हललं."

नागसिरीने तेव्हाही मागे वळून पाहिले नाही. ती फक्त म्हणाली, "अजून आहे का? द्या तिला अजून."

पुढे उत्पला अंगाने भरली आणि सुखरूप बाळंत झाली. श्रेणीने दुसऱ्याच कोणाला प्रमुख केले, आणि सोमिल पहिल्यासारखे मीठ विकत राहिले. नागसिरीने जन्मात कधी मासळी चाखली नाही आणि तिच्या चुलीवर ती कधी शिजली नाही. उत्पला आपल्या चुलीवरचे जेवण झाले की हात आणि तोंड राखेने, मग सुवासिक पाण्याने धुई आणि त्यानंतरच बाळाला आजीच्या मांडीवर देई. तिला तसे करायला कोणी सांगितले नव्हते. दुपारी वारा फिरला की नागसिरी अंगणात डोकावून विचारी, "तुझी चूल पेटली का गं? ऊन आहे तोवर आटप." आणि मग जाऊन खिडकीशी बसे. काही दिवशी ती मित्रकाबद्दल बोले. ऐकायला उत्पला असे.

इतके सांगून शास्ता थांबले. कुटीच्या आतून पद्मेचा खोकला ऐकू येत होता. ते म्हणाले, "त्या वेळची उत्पला ही आतली पद्मा. सामा सुईण ही आज कढण पाठवणारी उपासिका. सोमिल श्रेष्ठी मीच होतो. आणि नागसिरी..."

त्यांनी दाराकडे पाहिले. दारात कोणी नव्हते. मधली चटई गुंडाळून भिंतीशी ठेवलेली होती, आणि विजयिका तोंड दुसरीकडे करून, एका हाताने पद्मेचे डोके सावरून, दुसऱ्या हाताने कढणाचे पात्र तिच्या ओठांशी धरून बसली होती.

शास्ता उठले आणि बाहेर जमलेल्या भिक्षुणींना म्हणाले, "आपले व्रत न मोडता दुसऱ्याच्या भुकेपाशी बसता येणे, हीच मैत्रीची पारमिता, तिची परिपूर्णता."